टेबलक्लॉथ आटला!

नारायण पेठेत आमचं छोटं दुकान आहे. मी पडदे, अभ्रे, टेबलक्लॉथ शिवते. यातला सगळ्यात जास्त घोळ टेबलक्लॉथच्या मापात होतो. सांगितलेलं माप टेबलाचं की कापडाचं, हे पुष्कळदा गिऱ्हाइकालाच नक्की ठाऊक नसतं. म्हणून मी वहीत टेबलाचं चित्रच काढून ठेवते. तरी त्या रविवारी सकाळी नऊला फोन आलाच.

"ताई, तुमचा टेबलक्लॉथ आटला! दोन्ही टोकांना लाकूड दिसतंय. साडेबाराला केळवणाला माणसं येणारेत."

वही उघडली. कोथरूडच्या काकू, गोल टेबल. माप त्यांनी फोनवर दिलं होतं: १५१ इंच. तेव्हा मी दचकलेच होते, एवढं टेबल मंगल कार्यालयातही नसतं. मग कळलं, त्यांनी कडेभोवती सुतळी गुंडाळून घेर मोजला होता. शाळेतलं बावीस सप्तमांश कामी आलं. १५१ गुणिले ७, भागिले २२, आले ४८. चार फुटी टेबल. सगळीकडून आठ इंच खाली सोडायचं, म्हणजे तयार कापड ६४ इंच आणि दुमडीचे दोन धरून कापताना ६६. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ५४ इंच. मधोमध जोड आला तर ताटाखाली येतो आणि वाईट दिसतो, म्हणून अख्खा पन्हा मध्ये ठेवून दोन बाजूंना, शिवणीत जाणारं धरून, सात-सात इंचाच्या पट्ट्या जोडल्या होत्या. मग चौपदरी घडी, कोपऱ्यात दोरी धरून ३३ इंचांवर खडूनं कमान, आणि कात्री.

कोरं सुती कापड आटतं, हे मान्य. पण आटून आटून किती? ६४ चे साठ झाले तरी ४८ च्या टेबलावर सहा-सहा इंच लोंबायला हवं. लाकूड दिसेलच कसं? हिशेब कुठूनच बसेना. टेप, कात्री, खडू पिशवीत टाकले आणि म्हात्रे पुलावरून स्कूटर काढली.

दारातूनच उलगडा झाला. टेबल गोल नव्हतंच! माणसं यायची म्हणून काकांनी ते मधून ओढून त्यात फळी बसवली होती. फळी १८ इंचांची, म्हणजे टेबल आता ४८ बाय ६६. कापड मोजलं, साडेबासष्ट. आटलं होतं फक्त दीड इंच. रुंदीला छान लोंबत होतं, लांबीला दोन्ही टोकांना पावणेदोन इंच उघडं.

"काकू, फळीचं बोलला नाहीत."

"तुम्ही कुठं विचारलंत?"

यावर काय बोलणार. खरंच नव्हतं विचारलं.

मी त्या टेबलाकडे बघत उभी राहिले. मधून चिरलेलं गोल आणि त्यात घातलेली पट्टी. मग कापडालाही तेच करायचं! मधोमध कापून १८ इंचांची पट्टी घातली की सगळीकडून पुन्हा सारखंच लोंबणार. आणि पट्टीचं कापड घरातच होतं, कारण दुसऱ्या पन्ह्यातलं उरलेलं चाळीस इंच रुंद कापड मी त्यांना परत दिलं होतं. कपाटातून निघालं, पिशवीसकट.

"पण एकदा कापलं की रोजच्या गोल टेबलावर बसणार नाही हं. दोन बाजूंना सोळा-सोळा इंच लोंबेल, बसणाऱ्याच्या मांडीवर येईल."

"रोज कोण घालतंय? रोज आमचं प्लास्टिक."

काकूंच्याच पायमशीनवर बसले. दोन्हीकडच्या शिवणीत पट्टीचा आणि कापडाचाही अर्धा-अर्धा इंच जातो, ते धरून पट्टी २० इंचांची कापली. जोडांना समांतर, म्हणजे रेघा एकाच दिशेनं राहतात. कापड धुतलेलं, पट्टी कोरी, त्यामुळे रंगात उन्नीस-बीस फरक पडला आणि मधला पट्टा जरा गडद दिसायला लागला. बाराला दहा मिनिटं असताना इस्त्री फिरवून अंथरलं. चहूबाजूंनी सव्वासात इंच. पट्टी पुढे धुतल्यावर दीडेक इंच आखडून जोडाशी चुण्या पडतील, हेही सांगून ठेवलं.

संध्याकाळी काकूंचा फोन. पाहुण्यांना मधला पट्टा डिझाइनचा वाटला म्हणे, एकीनं दुकानाचा पत्ताही घेतला.

"आणि ताई, शिलाईचे किती? कापड तर माझंच होतं. मशीनही."