पेन्सिल घेऊन ललित वाचताना

ललित लेख लिहायला बसलं की पहिल्या खर्ड्यात बहुतेक वेळा शाळेतला निबंधच उतरतो. 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त', 'सूर्य उगवला नाही तर', 'मी पाहिलेला अपघात' लिहून लिहून हाताला वळण पडलेलं असतं. आधी प्रस्तावना, मग मुद्दे, मध्ये एखादं सुभाषित आणि शेवटी बोध. 'मनापासून लिहा', 'स्वतःचा आवाज शोधा' अशा सल्ल्यांनी हे वळण जात नाही. छापून आलेला एखादा चांगला लेख शिवण उसवावी तसा टाका टाका उसवून पाहिला, तर जातं. आणि त्यासाठी चाळीस लेख एकेकदा वाचण्यापेक्षा एक लेख चार वेळा वाचलेला बरा.

कुठला लेख घ्यायचा, यावर बरंच अवलंबून आहे. आठ-दहा पानांच्या आतला घ्यावा, म्हणजे पूर्ण लेख एका वेळी डोक्यात मावतो. पुलंपासून सुरुवात करू नये. त्यांची वाक्यं कानाला चिकटतात आणि महिनाभर उतरत नाहीत. त्यांचा विनोद उभा असतो तो माणसांच्या बोलण्याच्या लकबींवर आणि थांबण्याच्या अचूक जागेवर. नक्कल करणाऱ्याच्या हाती त्यातली फक्त अतिशयोक्ती लागते. ग्रेस यांच्या ललितलेखनाचंही तेच. तिथली प्रतिमांची साखळी त्यांच्या कवितेतून आलेली आहे, ती कविता मागे नसेल तर नुसती धूसर वाक्यं उरतात. या दोघांकडे नंतर जावं.

पहिल्या अभ्यासाला इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' चांगला. 1949 साली आलेल्या त्याच नावाच्या संग्रहातला हा लेख आहे. छोटा आहे, आणि त्याचा सांगाडा एका वाचनात दिसतो.

वाचनं चार, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. पहिलं नुसतं वाचायचं, हातात काही न घेता. दुसऱ्या वाचनाला झेरॉक्स काढून घ्यावी, पुस्तकात रेघोट्या नकोत. समासात प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यायचा आणि समोर एक ओळ लिहायची. त्या ओळीत परिच्छेद काय सांगतो ते लिहायचं नाही, काय करतो ते लिहायचं. 'लेखिकेची सभेत ओळख करून दिली' ही ओळ वाया गेली. 'एक यादी वाचकासमोर ठेवली, आणि ती अपुरी आहे अशी शंका पेरली' ही कामाची. नव्वद टक्के लोक इथेच घसरतात, कारण सारांश लिहिण्याची सवय शाळेनेच लावलेली असते. ओळीत 'पेरली', 'लांबवलं', 'लपवलं', 'मोडलं', 'उशिरा सांगितलं' अशी क्रियापदं येऊ लागली की गाडी रुळावर आली.

तिसऱ्या वाचनाला तीन रंगांच्या पेन्सिली. घडलेला प्रसंग एका रंगात, वाचकाला लागणारी माहिती दुसऱ्यात, लेखकाचा विचार तिसऱ्यात. चौथं वाचन मोठ्याने. शेवटचं पान झाकून ठेवायचं, तिथपर्यंत वाचायचं आणि शेवट स्वतः लिहून मग मूळ शेवटाशी ताडून पाहायचा. चारही वाचनं एका बैठकीत उरकू नयेत, दोन वाचनांमध्ये एखादा दिवस जाऊ द्यावा.

आता 'परिपूर्ती'त हे करून पाहू. लेखाचा गाभा इतकाच: एका समारंभात लेखिकेची ओळख करून दिली जाते. कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची पत्नी. सासरे महर्षी कर्वे, तेव्हा ओळख भारदस्तच असणार. पण लेखिकेला वाटत राहतं की या ओळखीत काहीतरी राहून गेलं. काय राहिलं ते तिलाही सापडत नाही. पुढे रस्त्याने जाताना शाळकरी मुलांचं आपसातलं बोलणं कानावर पडतं. आपल्या वर्गातल्या अमक्याची आई चालली आहे, असं ती एकमेकांना सांगत असतात. ओळख पुरी होते आणि लेख तिथेच संपतो.

रंगवलेला कागद समोर धरला की तीन गोष्टी दिसतात. पहिली, प्रश्न अगदी लवकर पडतो आणि उत्तर शेवटपर्यंत लांबतं. मधला सगळा भाग वाचक तो प्रश्न घेऊन चालत असतो. नवखा लेखक नेमकं उलटं करतो. 'आईपण हीच स्त्रीची खरी ओळख' असं पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो आणि मग त्याला उदाहरणं जोडत बसतो. दुसरी, उत्तर लेखिकेच्या तोंडी नाही. ज्यांना आपण काही उत्तर दिलं हे माहीतही नाही, अशा मुलांच्या तोंडी आहे. हेच वाक्य व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी म्हटलं असतं तर ते भाषण झालं असतं. तिसरी, ओळखींची यादी चढत्या भाजणीची वाटते, पण शेवटी येते ती सगळ्यात साधी ओळख. मोठ्या नावांच्या मागोमाग एका वर्गातल्या पोराचं नाव. ते अंतरच लेखाचं काम करतं.

आजच्या काही वाचकांना या लेखातला आईपणाचा मुद्दा खटकतो. खुशाल खटकू द्या. वाद मुद्द्याशी आहे, रचनेशी नाही. न पटणाऱ्या लेखाचा सांगाडा तर जास्त स्वच्छ दिसतो, कारण आपण वाहवत जात नाही.

दुसऱ्या अभ्यासाला त्याच संग्रहातला 'वाटचाल' घ्यावा. हा मोठा आहे, पंढरीच्या वारीचा. इथे तिन्ही रंग भरपूर लागतात आणि खरा धडा त्यांच्या मिसळण्यात आहे. लेखिका मानववंशशास्त्रज्ञ. तिच्याजवळ माहितीचा साठा होता आणि वारीवर प्रबंध सहज झाला असता. पण माहिती येते ती चालता चालता, समोर काहीतरी घडल्यावर. एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठा जेवायला मात्र वेगळे बसतात, हे ती पाहते आणि तिला ते लागतं. जातिभेदावर सामान्य विधान करून मग दाखला दिलेला नाही, पंगत आधी दिसते. ज्या भूमीतले लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, ही त्या लेखातली व्याख्या पुष्कळांना ठाऊक असते. अभ्यासताना एवढंच पाहायचं की ती व्याख्या येण्याआधी आपण किती वाट चाललो. तेवढी वाट झालेली नसती तर ते नुसतं टाळीचं वाक्य ठरलं असतं.

तिसरा नमुना मुद्दाम वेगळ्या जातीचा: दुर्गा भागवत यांचं 'ऋतुचक्र', 1956 सालचं, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्यागणिक. इथे 'मी' फार क्वचित समोर येते. तरी पान न पान एकाच माणसाने पाहिलेलं आहे याची शंका येत नाही. वैयक्तिक लेखात 'मी' हा शब्द किती वेळा यावा, या प्रश्नाचा निकाल या पुस्तकावर लागतो. एखादं पान घेऊन त्यातली झाडाझुडपांची नावं, रंगांचे शब्द आणि हालचाल दाखवणारी क्रियापदं वेगवेगळी काढावीत. मग स्वतःच्या खर्ड्याचं एक पान घेऊन तेच करावं. 'झाड', 'फुलं', 'पक्षी' एवढीच नावं निघाली, तर दोष भाषेचा नाही, पाहण्याचा आहे. खिडकीसमोर शिरीष आहे की रेनट्री, हे आधी खाली उतरून विचारून यावं.

बालपणावर लिहायचं असेल तर श्रीनिवास विनायक कुलकर्णी यांचं 'डोह' वाचल्याशिवाय लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. 1965 सालचं पुस्तक आहे. मोठा झालेला लेखक पोराच्या डोळ्यांपुढे येऊन उभा राहत नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. 'तेव्हा कळत नव्हतं, पण आज कळतं' या वाक्याला तिथे फारसा थारा नाही.

फडके, खांडेकर, काणेकर यांच्या लघुनिबंधांचाही उपयोग होतो, पण वेगळ्या कामाला. एका बैठकीत एकाच लेखकाचे तीन वाचावेत म्हणजे साचा उघडा पडतो: क्षुल्लक विषय, गप्पांचा सूर, थोडं भटकणं आणि शेवटी जीवनाविषयी एक तत्त्व. सुरुवात हलकी कशी ठेवावी ते यांच्याकडून शिकावं. शेवट शिकू नये. मराठी ललिताच्या शेवटाला बोध लटकवण्याची खोड शाळेइतकीच या साच्यानेही लावली आहे.

नुसत्या वाचनाने हात सुधारत नाही, त्यासाठी दोन कामं आहेत. एक म्हणजे उतरवून काढणं. आवडलेल्या लेखातले दोन-अडीचशे शब्द पेनाने, विरामचिन्हांसकट. टंकून नाही, कारण टंकताना वाक्य डोळ्यांतून थेट बोटांत जातं. हाताने लिहिताना वाक्य कुठे वळलं, क्रियापद कुठवर रोखून धरलं, छोटं वाक्य कुठे टाकलं, ते जाणवतं. दुसरं, तोच सांगाडा घेऊन वेगळ्या विषयावर लिहिणं. 'परिपूर्ती'चा सांगाडा असा: एक यादी, तिच्यातली उणीव, आणि अनोळखी तोंडून आलेली भर. या मापात सहाशे शब्द लिहावेत. हा सराव आहे, कुठे पाठवू नये. उसना सांगाडा जाणत्या संपादकाला लगेच ओळखू येतो.

मग स्वतःचा खर्डा. त्यात सगळ्यात जास्त बिघाड होतो तो स्मरणरंजनाने. नमुन्यासाठी रचलेला हा परिच्छेद पाहा:

'दळण आणायला जाणं हा एक वेगळाच आनंद असायचा. गिरणीतला तो पिठाचा सुगंध अजूनही मनात दरवळतो. आजच्या पाकीटबंद पिठाच्या जमान्यात ती मजा कुठे?'

तीन वाक्यं आहेत आणि तिन्हींत फक्त निकाल आहेत: आनंद, सुगंध, मजा. डबा नाही, वार नाही, माणूस नाही. 'एक वेगळाच' हे शब्द दिसले की समजावं, लेखकाला नेमकं काय वेगळं ते सापडलेलं नाही. 'अजूनही मनात दरवळतो' हे वाक्य अत्तरापासून शेणाच्या सारवणापर्यंत कशालाही लावता येतं, म्हणून ते कशाचंच नाही. हाच ऐवज असाही लिहिता येतो:

'ज्वारीच्या दळणावर आपले गहू टाकू द्यायचे नाहीत, असं आई निघताना बजावायची. गिरणीत पुढचा डबा कशाचा ते बघायचं. ज्वारीचा असला तर आपला डबा मागे सरकवायचा. असं मागे मागे सरकत दुपार जायची, आणि उशीर केला म्हणून बोलणी बसायची, तीही आईचीच.'

इथे आनंद की दुःख हे सांगितलेलं नाही. पण आज्ञा पाळल्याबद्दल बोलणी खाणारं एक पोर आहे. हा पेच पुढे आठशे शब्द चालवता येतो. पहिल्या परिच्छेदाला पुढे जायला वाटच नव्हती.

दुसरा नेहमीचा बिघाड काळाचा. 'जायचो', 'गेलो' आणि 'जातो' एकाच परिच्छेदात मिसळतात. नेहमी घडणारं 'जायचो'त लिहावं. एकदाच घडलेलं आलं की 'गेलो'वर यावं, आणि हा बदल शक्यतो परिच्छेदाच्या सुरुवातीला करावा. सगळा लेख 'जायचो, यायचो, खायचो'त चालला तर एकही प्रसंग घडत नाही, कंटाळा त्यामुळेच येतो. खर्ड्यातली '-यचो, -यची, -यचं' ही रूपं अधोरेखित करून पाहावीत. निम्म्याहून जास्त क्रियापदं तशी निघाली तर एक विशिष्ट दिवस शोधून तो लिहावा.

पहिला खर्डा पंधराशे शब्दांचा झाला तर हजारावर आणावा. आधी पहिला परिच्छेद झाकून पाहावा. बऱ्याचदा लेख दुसऱ्या किंवा तिसऱ्या परिच्छेदात सुरू झालेला असतो आणि आधीचं सगळं घसा साफ करणं असतं. मग शेवटचा झाकावा. त्याच्या आधीच्या वाक्यावर लेख थांबत असेल तर शेवटचा काढून टाकावा. 'खरंच', 'नकळत', 'जणू', 'कुठेतरी' आणि तीन टिंबं शोधून उडवावीत. एखादं टिंब-त्रिकूट राहिलंच तर राहू द्या, पण प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी नको. हे सगळं लिहून झाल्यावर आठवड्याने करावं, त्याच रात्री नाही.

घरच्या माणसांविषयी लिहिलं असेल तर छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवावं, निदान जे हयात आहेत त्यांना. परवानगी हा त्यातला एक भाग. दुसरा असा की तपशील तेच दुरुस्त करतात. डबा पितळेचा नव्हता, डालड्याचा होता, हे मोठी बहीण सांगते, आणि डालड्याचा डबा लेखात जास्त शोभतो.

पाठवताना मापाचा विचार करावा. रविवारच्या पुरवणीला साधारण आठशे ते हजार शब्द चालतात, दिवाळी अंकाला अडीच-तीन हजारही. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, गणपतीनंतर पाठवलेल्या लेखाला बहुधा पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. लेख युनिकोडमध्ये पाठवावा, आणि एका वेळी एकाच संपादकाकडे.