ईव्ही शिकायचीय? मग आधी रेल्वेचं इंजिन बघा

हल्ली आमच्या बडोद्यात दांडिया बाजारात कुणाकडेही गेलं आणि मी इलेक्ट्रिकलला आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग ईव्हीचंच करतोयस ना?" आणि ईव्ही म्हणजे यांच्या डोक्यात स्कूटर, फार तर कार. आता मी शिकतोय त्यात स्कूटरपण येते, पण मला विचाराल तर निम्मा विषय रेल्वेने केव्हाच सोडवून ठेवलाय, आणि आमच्या वर्गातली अर्धी पोरं यूट्यूबवर बॅटरीचे व्हिडिओ बघत बसतात पण प्रतापनगरच्या बाजूने जाणाऱ्या इंजिनाकडे मान वळवून बघत नाहीत.

मुंबईत पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ला धावली, व्हीटी ते कुर्ला, १५०० व्होल्ट डीसीवर. शंभर वर्षं होऊन गेली की! आणि बडोद्याचं तर बोलूच नका. सावलीच्या अल्स्टॉमच्या कारखान्यात इंदूर मेट्रोचे डबे बनले, दिल्ली-मेरठच्या नमो भारत गाड्यापण तिथल्याच. लालबागला गतिशक्ती विश्वविद्यालय आहे, तिकडे दाहोदला ९००० हॉर्सपॉवरची मालगाडीची इंजिनं बनतायत. (खंडेराव महाराजांच्या काळात १८६२ला डभोई ते मियागाम नॅरोगेज सुरू झाली तेव्हा गाडी ओढायला बैल होते, म्हणजे पेट्रोलशिवायची वाहतूक इथे तशी जुनीच म्हणायची.)

तर मुद्द्याचं. राजधानीला लागतं ते डब्ल्यूएपी-७ इंजिन घ्या. वरच्या तारेतून २५ हजार व्होल्टचा एसी येतो, ट्रान्सफॉर्मर तो खाली आणतो, मग कन्व्हर्टर त्याचा डीसी करतो, आणि त्या डीसीपासून इन्व्हर्टर परत थ्री-फेज एसी बनवतो, हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा, तो जातो मोटरला. आता यातली तार, ट्रान्सफॉर्मर आणि कन्व्हर्टर काढा, त्या जागी बॅटरी ठेवा, झाली तुमची इलेक्ट्रिक कार! पुढचं सगळं तेच. इन्व्हर्टर कळला की बाकीचं हळूहळू कळतं, आणि आमच्याकडे लोक नेमका तोच चॅप्टर ऑप्शनला टाकतात.

मग फरक कुठे? मोटरमध्ये, आणि हा मला सगळ्यात आवडलेला भाग आहे. कार-स्कूटरमध्ये बहुतेक वेळा कायम चुंबकवाली मोटर असते, कारण ती लहान, हलकी, आणि बॅटरी कमी खाते. डब्ल्यूएपी-७मध्ये मात्र साधी, कायम चुंबक नसलेली इंडक्शन मोटर, एका बोगीला (म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीला) तीन, आणि मूळ डिझाइनमध्ये तिन्हींना मिळून एकच इन्व्हर्टर. चाकं घासून व्यास थोडा कमीजास्त होतो, मग एकाच गाडीची चाकं किंचित वेगवेगळ्या स्पीडने फिरतात, इंडक्शन मोटर तेवढा फरक स्लिपमध्ये (तिचा रोटर फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या किंचित मागे राहतो, त्यात) सांभाळून घेते. चुंबकवाली नाही सांभाळत, तिला प्रत्येकी वेगळा इन्व्हर्टर द्यावा लागतो. शिवाय चुंबक बंद करता येत नाही, इंजिन बिघडलं आणि दुसऱ्याने ओढत नेलं तरी ती मोटर आपली वीज बनवतच राहणार, आणि वाइंडिंग शॉर्ट झालेलं असेल तर जाळून घेणार. त्यामुळे "कुठली मोटर बेस्ट" असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, कशासाठी?

ब्रेकिंगचंही तसंच. मोटर उलटी जनरेटरसारखी चालवून वीज परत मिळवायची हे आता सगळ्यांना माहितीय, पण ती वीज घेणारं कुणीतरी पाहिजे ना. २५ हजार व्होल्टच्या लाइनवर ती तारेत परत जाते आणि दुसरी गाडी किंवा ग्रिड ती घेऊन टाकतं. ७५० व्होल्ट डीसीच्या मेट्रोत मात्र जवळपास दुसरी गाडी वेग घेत नसेल तर बऱ्याचदा ती रेझिस्टरमध्ये उष्णता करून घालवावी लागते. आणि स्कूटर १०० टक्के चार्ज करून निघालात की पहिले काही किलोमीटर रीजेन (हेच वीज परत मिळवणारं ब्रेकिंग) ढिलं लागतं, त्याचं कारणही हेच, भरलेली बॅटरी घेणार कुठे? मामाला वाटलं होतं गाडी खराब निघाली, शोरूमला फोन लावत होता!

रेल्वे जिथे अजिबात मदत करत नाही ती गोष्ट म्हणजे बॅटरीत किती उरलंय हे ओळखणं. वर तार असली की हा प्रश्नच येत नाही. त्यात हल्ली पुष्कळ गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल येतात, ते सेफ आहेत, टिकतात, बडोद्याच्या मे महिन्यात ते बरेच, पण त्यांचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात ३.२-३.३च्या आसपास जवळजवळ सपाट राहतं. ७० टक्के आणि ४० टक्के यांत फरक मिलिव्होल्टमध्ये, सेन्सरची थोडी चूक झाली तरी गोंधळ! मग बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, काय करतं, करंट मोजत मोजत हिशोब ठेवतं, आणि त्या हिशोबात रोज थोडीथोडी चूक साठत जाते. व्होल्टेज एकदम चढतं ते अगदी शेवटी, पूर्ण भरताना, तिथेच बीएमएसला खात्रीने कळतं की हे १०० टक्के. म्हणून एलएफपीवाल्या गाडीला अधूनमधून फुल चार्ज करा असं कंपन्या सांगतात, मामाला तेवढं लिहून दिलंय, आणि रोज ८० टक्क्यांवरच थांबवायचं हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान दुसऱ्या केमिस्ट्रीच्या सेलचं आहे हेपण.