पुष्य की आश्लेषा? ज्योतिष शिकतानाचा माझा अनुभव

मी ज्योतिष शिकायला लागले ते धाकट्या बहिणीच्या पत्रिकेमुळे. तिचं एक स्थळ जवळजवळ ठरलेलं, साखरपुड्याची तारीख काढायची बाकी होती, आणि मुलाकडून फोन आला की मुलगी आश्लेषा नक्षत्राची आहे, सासूला वाईट, आम्हाला पुढे जायचं नाही. आई दोन दिवस धड जेवली नाही. मी रागारागाने ॲपवर तिची जन्मवेळ टाकली तर तिथे नक्षत्र येतंय पुष्य! मुलगी एकच, वेळ एकच, मग नक्षत्रं दोन कशी? ज्यांना विचारलं त्यांनी "ॲपवर विश्वास ठेवू नको" एवढंच सांगितलं, का ते कुणीच सांगेना.

आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णैच्या जवळ. 2020 ला लॉकडाऊनमध्ये मी मुंबईहून घरी आलेले, जूनमध्ये निसर्ग वादळ झालं, माड-पोफळी आडव्या झाल्या, कितीतरी दिवस लाईट नाही, लॅपटॉप बंद, तेव्हा मी गावातल्या गुरुजींच्या ओटीवर जाऊन बसले आणि म्हटलं मला शिकवा. वय ऐंशीच्या पुढे, आयुष्यभर पंचांग आणि पत्रिका हेच काम. म्हणाले, "अगो, पाठांतर करणार असशील तर ये. मध्येमध्ये प्रश्न नकोत."

मग रोज पाठांतर. पुष्याची जन्मनावाची अक्षरं हू हे हो डा, आश्लेषाची डी डू डे डो. महादशांचा, म्हणजे आयुष्यातल्या एकेका ग्रहाच्या कालखंडांचा, क्रम आ चं कु रा जी श बु के शु, त्यांची वर्षं 6, 10, 7, 18, 16, 19, 17, 7, 20, बेरीज 120. आज झोपेतून उठवलं तरी सांगेन, आणि हे त्यांच्यामुळेच झालं, मोबाईलवर व्हिडिओ बघून कधीच झालं नसतं. त्यांनी माझ्याकडून एक पैसा घेतला नाही आणि मुलगी म्हणून कधी कमी शिकवलं नाही, हेही सांगायलाच हवं.

अडायचं ते "का" विचारलं की. बहिणीची पत्रिका दाखवली तर म्हणाले आश्लेषाच, आपल्याकडे टिळक पंचांग, माझ्या वडिलांनी हेच वापरलं, विषय संपला. मी गप्प बसले, पण घरी येऊन कागद-पेन घेतला आणि चार-पाच दिवसांत एकदाचं डोक्यात शिरलं. राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची यावरच मतभेद आहेत. टिळक पंचांग रेवतीतला झीटा पिशियम हा तारा धरतं, तर दुसरा पक्ष चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा, 180 अंशांवरचा बिंदू धरतो. 1952 ला मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली सरकारने कॅलेंडर सुधारणा समिती नेमली होती, तिने हा चित्रापक्ष घेतला आणि ॲपमध्ये जे लाहिरी अयनांश सेटिंग असतं ते हेच (ही सुरुवात कुठे धरायची त्याचं माप म्हणजे अयनांश). दोघांत फरक साधारण 4 अंशांचा.

आता 4 अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण अख्खं नक्षत्रच 13 अंश 20 कलांचं (60 कलांचा एक अंश), म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा सरकतो! नक्षत्र ठरतं चंद्रावरून, आणि बहिणीचा चंद्र लाहिरीने कर्केत 15 अंशांवर, पुष्याचा शेवटचा चरण, म्हणजे चौथा भाग. त्यात 4 मिळवा, 19 अंश, आश्लेषा. दशांचं तर विचारू नका. पहिली दशा जन्मनक्षत्राच्या स्वामीची, पुष्याचा शनी, आश्लेषाचा बुध. पुष्य धरलं तर जन्मावेळी शनीची सव्वादोन वर्षांहून थोडी जास्त शिल्लक, मग बुधाची 17, म्हणजे केतूची महादशा साधारण 19 ते 26 वयात. आश्लेषा धरलं तर बुधाचीच 14 शिल्लक, केतू 14 ते 21. म्हणजे ती 23 वर्षांची असताना एका हिशोबाने केतूत आणि दुसऱ्याने शुक्रात, आणि लग्नाचा कारक, म्हणजे लग्न ज्याच्यावरून बघतात तो ग्रह, शुक्र! एवढा फरक असताना "वडिलांनी हेच वापरलं" एवढ्यावर एका मुलीचं स्थळ मोडू द्यायचं?

21 डिसेंबरला गुरू आणि शनी अगदी चिकटून दिसणार होते. गुरुजींना रिक्षात बसवून किनाऱ्यावर नेलं, सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला समुद्रावर ते दोन ग्रह एकमेकांना टेकल्यासारखे दिसले. गुरुजी बराच वेळ बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "माझे वडील आम्हाला अंगणात उभं करून तारे दाखवायचे." इतक्या महिन्यांत हे पहिल्यांदाच ऐकलं मी.

तिथून मला धीर आला आणि मी जुनं वाचायला लागले. भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित तर आमच्या दापोलीजवळच्या मुरूडचे, जन्म 1853 चा. आणि गणेश दैवज्ञ नांदगावचे, ते रायगडातल्या मुरूड-जंजिऱ्याजवळचं, पण कोकणच. त्यांनी 1520 ला ग्रहलाघव लिहिला, महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या पंचांगं त्यावरून केली जायची. त्यात त्यांनी काय केलंय बघा, सूर्य सूर्यसिद्धान्त या जुन्या ग्रंथाचा घेतला, चंद्रातून 9 कला वजा केल्या, गुरू आर्यपक्षाचा, म्हणजे आर्यभटाच्या परंपरेचा, शनी आर्यपक्षाचाच पण 5 अंश मिळवून, आणि कारण दिलं की असं केलं की ग्रह डोळ्यांना दिसतात तिथे येतात. पाचशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरचा माणूस सिद्धान्तग्रंथातले आकडे आकाश बघून बदलतो, आणि मी "का" विचारलं तर उद्धट? हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि मग मुहूर्तचिंतामणी उघडला. राम दैवज्ञांचा, 1600 सालचा. सासूचा दोष तिथे आहेच, पण त्याच्याच पुढे सांगितलंय की सार्पाद्यपाद म्हणजे आश्लेषेचा पहिला चरण शुभ. आश्लेषा 16 अंश 40 कलांना सुरू, बहीण 19 वर, म्हणजे 2 अंश 20 कला आत, चरण 3 अंश 20 कलांचा. पहिलाच चरण! गुरुजींचंच पंचांग धरलं तरी दोष नाही.

पोथी घेऊन गेले. गुरुजींनी चष्मा पुसला, श्लोक तीनदा वाचला, मग जरा चिडूनच म्हणाले की मला माहीत नाही असं वाटलं तुला? मी म्हटलं, "तसं नाही गुरुजी, पण त्या लोकांना कुणी सांगितलंच नाही ना." बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बहिणीची पत्रिका मागितली आणि नक्षत्राच्या खाली थरथरत्या हाताने पेन्सिलीने लिहिलं, प्रथम चरण.

तोपर्यंत त्या मुलाचं दुसरीकडे ठरलेलं होतं. ती पत्रिका आता आईच्या कपाटात आहे. माझ्याकडे कुणी पत्रिका आणली तर मी आधी विचारते कुठल्या पंचांगावरून केलीय, दोन्ही अयनांशांनी मांडते, चरण लिहिते, आणि जे सांगितलं ते तारखेसकट वहीत लिहून ठेवते, चुकलं तर चुकलं म्हणून पण लिहिते. गुरुजींना ही वही पसंत नाही, आणि टिळक पंचांग त्यांनी सोडलेलं नाही. गेल्या आठवड्यातसुद्धा त्यावरून तासभर वाद झाला, आणि निघताना म्हणाले, उद्या येताना ती वही घेऊन ये.