तुम्ही विचारलंत म्हणून : सत्तेचाळीसचे पंचवीस

गणपतीच्या कार्यक्रमात पानावर बसलो असताना कुणी विचारतं, पुण्याहून भाऊ फोनवर विचारतो, नुकतं कॅनडात आलेलं जोडपंही विचारतं. प्रश्न एकच असतो : "टोरांटोला मेयर आहे, महापालिका आहे, वर कोर्टं आहेत. मग शहरातल्या रस्त्यावरची सायकल लेन उखडायचं ऑन्टारियोचा प्रीमियर कसं काय ठरवतो? आणि कोर्टाने अडवलं तर कोर्टालाच कसा सुनावतो?" ऑन्टारियो हा टोरांटोचा प्रांत, म्हणजे आपल्याकडचं राज्य, आणि प्रीमियर म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मुख्यमंत्री. जेवताना दोन वाक्यांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

सुरुवात २०१८ च्या उन्हाळ्यापासून करावी लागेल. टोरांटोच्या महापालिकेची निवडणूक २२ ऑक्टोबरला होती आणि मी आमच्या भागातल्या एका उमेदवारासाठी संध्याकाळी दारोदार पत्रकं वाटत होतो. शहराने बराच अभ्यास करून वॉर्ड ४४ वरून ४७ करायचं ठरवलं होतं. १ मेपासून उमेदवारी अर्ज भरले जात होते. २७ जुलै ही शेवटची तारीख होती. नेमक्या त्याच दिवशी, महिन्याभरापूर्वी प्रीमियर झालेल्या डग फोर्ड यांनी जाहीर केलं की नगरसेवक ४७ नव्हे, २५ असतील. १४ ऑगस्टला तसा कायदाही झाला.

फोर्ड स्वतः याच महापालिकेत नगरसेवक होते. त्यांचे दिवंगत भाऊ रॉब मेयर होते, आणि २०१४ मध्ये डग फोर्ड मेयरपदाची निवडणूक हरले होते. बरेच लोक सूड म्हणून हा इतिहास सांगतात. मला त्यात फारसं शिरायचं नाही. हेतू चांगला असो वा वाईट, कायद्याने असं करता येतं, हेच मला जास्त अस्वस्थ करतं.

कारण कॅनडाच्या १८६७ च्या घटनेत शहराला स्वतःचं स्थानच नाही. ९२ व्या कलमात प्रांतांच्या अधिकारांची यादी आहे. त्यात आठव्या क्रमांकावर नगरपालिका येतात आणि त्याच्या खालीच, नवव्या क्रमांकावर, दुकानांचे, दारूच्या गुत्त्यांचे आणि लिलाववाल्यांचे परवाने. सत्तावीस लाखांहून जास्त वस्तीचं, देशातलं सगळ्यात मोठं शहर त्या यादीत गुत्त्याच्या परवान्याशेजारी बसलंय. प्रांताने घडवावं, प्रांताने मोडावं. १९९७ मध्ये टोरांटो, नॉर्थ यॉर्क, स्कारबरो, इटोबिको, यॉर्क आणि ईस्ट यॉर्क या सहा पालिकांतल्या नागरिकांनी विलीनीकरणाविरुद्ध प्रचंड बहुमताने कौल दिला. तरीही १ जानेवारी १९९८ ला तेव्हाच्या प्रांत सरकारने सहाचं एक करून टाकलं.

"पण मतदानाचा हक्क तर मूलभूत असेल ना?" हा पुढचा प्रश्न. आहे, पण १९८२ च्या हक्कांच्या सनदेतलं तिसरं कलम फक्त संसदेच्या आणि प्रांताच्या विधानसभेच्या मतदानाला संरक्षण देतं. महापालिकेचं नावच त्यात नाही. मी नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण मी इथे पहिलं मत दिलं ते महापालिकेसाठीच.

म्हणून शहराच्या वकिलांना आडवाटेने जावं लागलं. त्यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं दुसरं कलम धरलं. १० सप्टेंबर २०१८ ला न्यायमूर्ती एडवर्ड बेलोबाबा यांनी वॉर्ड घटवणारी तरतूद रद्द केली. प्रचार ऐन भरात असताना वॉर्डच बदलले, तर उमेदवाराने बोलायचं कुणाशी? शिवाय एका वॉर्डात सरासरी ६१ हजार लोक असायचे, ते आता १ लाख ११ हजारांवर जाणार होते.

फोर्ड यांनी त्याच दिवशी सांगितलं की मी लोकांनी निवडून दिलेला आहे, न्यायाधीश नेमलेले असतात, आणि मी ३३ वं कलम वापरणार. हे कलम समजलं नाही तर इथलं राजकारण समजत नाही. त्याला सगळे 'नॉटविथस्टँडिंग क्लॉज' म्हणतात. आपल्या कायद्यांच्या मराठीत 'काहीही अंतर्भूत असले तरी' असं येतं ना, अगदी तेच. दुसऱ्या आणि सातव्या ते पंधराव्या कलमांतल्या हक्कांत काहीही म्हटलं असलं तरी आमचा कायदा पाच वर्षं लागू राहील, असं विधानसभा म्हणू शकते, आणि पाच वर्षांनी पुन्हा तेच म्हणू शकते. १९८१ च्या वाटाघाटीत काही प्रीमियरांनी हे कलम मागून घेतलं, तेव्हाच सनदेवर तडजोड झाली. ऑन्टारियोने तोवर ते कधीच वापरलं नव्हतं.

१२ तारखेला क्वीन्स पार्कच्या विधानसभेत प्रेक्षकांच्या सज्जातून लोक ओरडले, काहींना बेड्या घालून बाहेर नेलं, त्यात ज्येष्ठ नागरिकही होते. नंतर मध्यरात्रीनंतर अधिवेशन भरवलं. अखेर त्या कलमाची गरजच पडली नाही. १९ सप्टेंबरला अपील न्यायालयाने बेलोबाबांच्या निकालाला स्थगिती दिली आणि निवडणूक पंचवीस वॉर्डांतच झाली.

आमच्या पत्रकांवर वरच्या कोपऱ्यात जाड ठशात वॉर्डचा आकडा होता. ऑगस्टमध्ये आम्ही एका स्वयंसेवकाच्या तळघरात बसून त्यावर नव्या आकड्याचे स्टिकर चिकटवायला घेतले. १० सप्टेंबरच्या निकालानंतर ते खरवडायला लागलो, खाली कागद फाटायचा. १९ तारखेला पुन्हा चिकटवायला बसलो. सत्तरीच्या एक आजी त्या रात्री ओलं फडकं घेऊन एकेक कोपरा हलक्या हाताने पुसत होत्या. म्हणाल्या, "मतदाराला हे फाटकं कसं द्यायचं?"

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ ऑक्टोबर २०२१ ला आला, पाच विरुद्ध चार. बहुमत म्हणालं की उमेदवारांना नव्या वॉर्डांत प्रचाराला ६९ दिवस उरले होते, तेवढे पुरेसे होते, आणि लोकशाहीच्या अलिखित तत्त्वावर कायदा रद्द करता येत नाही. विरोधी मत न्यायमूर्ती रोझली अबेला यांचं. चालू निवडणुकीतच नियम बदलल्याने मतदार आणि उमेदवार यांच्यातला संवाद तुटला, असा त्याचा गाभा. मला ते पूर्ण पटतं. पंचवीस नगरसेवकांत शहर चालतं की नाही, यावर खुशाल वाद व्हावा. पण तो अर्ज भरायला सुरुवात होण्याआधी व्हावा.

इथे भाऊ म्हणतो, आपल्याकडे तरी काय वेगळं? त्याचं खरं आहे. भारतात १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिकांना घटनेत जागा मिळाली, पाच वर्षांची मुदत मिळाली. तरी मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ झाले, सरकार बदलल्यावर पुन्हा २२७ झाले, आणि मार्च २०२२ पासून कित्येक वर्षं प्रशासकाचंच राज्य राहिलं. फरक इतकाच की मुंबईकर कोर्टात घटनेचं कलम पुढे करू शकतो आणि तारीख मागू शकतो. टोरांटोकराला ते कलमच नाही.

आता सायकल लेन. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रांताने कायदा केला आणि ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरच्या लेन काढायचं ठरवलं. त्या शहराने आखल्या, शहराच्या पैशांतून बांधल्या. सायकलवाले कोर्टात गेले. २०२५ च्या एप्रिलमध्ये कोर्टाने काम थोपवलं, तेव्हा फोर्ड संतापून म्हणाले की अमेरिकेतल्यासारखे न्यायाधीशही निवडून आणायला हवेत. या वरच्या न्यायालयाचे न्यायाधीश ओटावाचं केंद्र सरकार नेमतं, त्यामुळे तिथे प्रीमियरचं काही चालत नाही. माझ्या मते ते असंच राहायला हवं. निवडून यायचं म्हटलं की न्यायाधीशालाही पत्रकं वाटावी लागतील, आणि पत्रकं वाटताना माणूस समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलतो, हे मी स्वतः केलंय.

३० जुलै २०२५ ला न्यायमूर्ती पॉल शाबास यांनी निकाल दिला : लेन काढल्याने वाहतूक कोंडी सुटेल याचा पुरावा नाही, माणसं मरतील किंवा जखमी होतील याचा आहे, म्हणून हे सनदेतल्या जीविताच्या आणि सुरक्षिततेच्या हक्काच्या, म्हणजे सातव्या कलमाविरुद्ध. सायकल लेन हा कुणाचा हक्क आहे असं ते म्हणाले नाहीत. असलेलं संरक्षण विनाकारण काढून जीव धोक्यात घालता येणार नाही, एवढंच. सरकार अपिलात गेलं. आणि सातवं कलम ३३ व्या कलमाच्या टप्प्यात येतं, हे आता तुम्हालाही ठाऊक झालंय.

त्या संध्याकाळी कामावरून मी ब्लूरने सायकलवर घरी आलो. पुढे एक बाई मुलीला मागच्या सीटवर बसवून चालली होती. मुलगी हात लांब करून बाजूचे लवचिक खांब एकेक करून मोजत होती. स्पडाइनाच्या सिग्नलला तिची मोजणी चुकली आणि तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.