चूल

स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान ९१ अंश दिसलं अन् माउसवरचा हात तसाच राहिला.

मागून बाबा म्हणाले, "बाहेर ४४ हाय, अन् तू घरात कायले चूल पेटवून रायला बे?"

ओव्हरक्लॉकिंग चाललं होतं, म्हणजे प्रोसेसरला मूळ वेगापेक्षा जोरात पळवणं. आपला जुना इंटेलचा आय फाइव्ह २५०० के, २०११ चा. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ. वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर; बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झचाच ठेवून मल्टिप्लायर ४२ केला की सरळ ४.२. एकेक पायरी चढायची, दर पायरीला टेस्ट चालवायची, हे माहीत होतं. तरी उडी मारली. वर व्होल्टेज 'ऑटो'वर सोडलं, म्हणजे मदरबोर्ड स्वतःच्या मनानं गरजेपेक्षा जास्तच पाजणार.

बंद करून पंखा उतरवला. प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे पोचवणारी थर्मल पेस्ट पानाच्या डब्यातल्या वाळक्या चुन्यासारखी. नखानं खरवडली तर पापुद्रे निघाले.

बाबांचा उपाय तयार: "कूलरसमोर ठेव." वाळ्याच्या त्या ओल्या हवेत मदरबोर्ड! नको रे बाप्पा.

पण त्यांचं पहिलं वाक्य डोक्यातून जाईना. पंखा कितीही भारी असो, प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. मी ओव्हरक्लॉकिंगच्या एका व्हिडिओतले आकडे जसेच्या तसे लावत होतो. ती खोली २२ अंशांची, एसीवाली. माझी खोली नागपुरातली, मे महिना, दुपारचे तीन. ३६. म्हणजे सुरुवातच १४ अंश वरून.

नवी पेस्ट लावली, मल्टिप्लायर ३८, व्होल्टेज हातानं. आता ७४ वर थांबतोय. ४.२ चं दिवाळीनंतर बघू.

तुमच्या खोलीत दुपारी किती असतं हो?