यंदा भोंगा वाजणार म्हणतात

मे बोरोव्स्की नावाची मुलगी कॉलेज अर्ध्यात सोडून रात्री गावच्या बस स्टँडवर उतरते, तेव्हा तिला न्यायला कुणी आलेलं नसतं. आईवडिलांचा दिवसाचा घोळ झालेला असतो. स्टँड नवा आणि पूर्ण रिकामा. एक सफाई कामगार दार दुरुस्त करतोय, बाकी चिटपाखरू नाही. शेवटी ती जंगलातून चालत घराकडे निघते.

'नाइट इन द वुड्स' हा गेम असा सुरू होतो. पहिल्या रात्री मी तो एवढ्यावरच थांबवला होता. 2012 मध्ये इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सोडून मी अशीच गावी उतरले होते. शेवटची एसटी, हातात गादीची वळकटी, आणि स्टँडवर रसवंतीचं बंद दुकान. घरी कळवलंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कोण येणार? कारखान्याच्या कॉलनीपर्यंत चालत गेले. त्याच वर्षी आमचा साखर कारखाना बंद पडला होता. रस्त्यात मळीचा वास आला नाही तेव्हा मला ते खरं वाटलं.

गेम मी खेळले ते बरंच नंतर, 2020 च्या टाळेबंदीत, त्याच कॉलनीतल्या त्याच खोलीत.

हा गेम 21 फेब्रुवारी 2017 रोजी आला. ॲलेक होलोव्का, स्कॉट बेन्सन आणि बेथनी हॉकनबेरी ही तिघं त्यामागची मुख्य माणसं. 2013 मध्ये त्यांनी लोकांकडून 50,000 डॉलर मागितले होते, जमले दोन लाखांवर. 2018 मध्ये त्याला कथनासाठीचा बाफ्टा पुरस्कारही मिळाला. पात्रं सगळी प्राणी आहेत. मे ही विशीतली मांजर, तिचा मित्र ग्रेग कोल्हा, ग्रेगचा जोडीदार अँगस अस्वल आणि लहानपणची मैत्रीण बी मगर. पण दहा मिनिटांत ते प्राणी आहेत हे विसरायला होतं.

गाव पॉसम स्प्रिंग्ज. एकेकाळी कोळशाच्या खाणीवर जगलेलं. खाण बंद झाली, पाठोपाठ कारखानेही गेले. मेचे आजोबा खाणीत होते. वडील आता मोठ्या सुपरमार्केटात मांसाच्या काउंटरवर उभे राहतात. आई चर्चमध्ये काम करते. मेच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जापायी घर जाईल की काय अशी वेळ आलीय. एका सकाळी स्वयंपाकघरात आई आणि मे यावरून भांडतात. आई असं काही बोलून जाते की नंतर तिलाच ते सहन होत नाही. तो प्रसंग मी खेळले तेव्हा बाहेर आमची आई भाकरी थापत होती. मी लॅपटॉपचा आवाज कमी केला.

खेळायचं म्हणजे काय, तर गावात फिरायचं. रोज सकाळी उठायचं, आईशी दोन शब्द बोलायचे, बाहेर पडायचं. पत्रपेट्यांवरून छपरांवर, छपरांवरून विजेच्या तारांवर उड्या मारायच्या आणि दिसेल त्याच्याशी बोलायचं. शेजारची सेल्मर्स पायरीवर बसून दोन ओळींची कविता ऐकवते. मेचे जुने शिक्षक छतावर दुर्बीण लावून बसलेले असतात. त्यांच्यासोबत एकेक तारा शोधायचा आणि त्याची गोष्ट ऐकायची. मिरवणुकीच्या जुन्या रथात उंदरांची पिल्लं आहेत, त्यांना खायला नेऊन द्यायचं. कुणी सांगत नाही, बक्षीस नाही, गुण नाहीत. एखाद्या दिवशी सेल्मर्सकडे गेला नाहीत तर त्या दिवसाची कविता गेली. रोज गेलात, तर एक दिवस वाचनालयात तिची मोठी कविता ऐकायला मिळते. नोकऱ्या, पैसा आणि कुठेतरी दूर बसून सगळं विकत घेणाऱ्या माणसांवरची. इतके दिवस यमकं जुळवणारी ही बाई आत एवढा राग घेऊन बसली होती हे तेव्हा कळतं. ती कविता संपल्यावर मी बराच वेळ कुठलीही कळ दाबली नाही.

बाबा एकदा मागे उभे राहून बघत होते.

"ही मांजर तारेवर काय करतीय?"

"फिरतीय."

"काम काय हिला?"

"काही नाही. सगळ्यांना भेटायचं."

ते खुर्ची ओढून बसले. आमचे बाबा पॅनमन होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, उसाचा पाक पॅनमध्ये शिजत असताना त्यात साखरेचा दाणा केव्हा धरला हे ओळखणारा तो पॅनमन. काचेच्या तुकड्यावर नमुना घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, बोटांत चिमटून बघायचा. हंगामात बाबांच्या अंगठ्याची कातडी कायम चिकट असायची. कारखाना बंद झाल्यावर त्यांनी किराणा दुकानात मापाचं काम धरलं. तिथे ते साखरही मापत. पुडा बांधण्याआधी दोन दाणे अंगठ्यावर घेऊन बघायचे. ती सवय अजून आहे.

मेचे वडील मांसाच्या काउंटरवरून घरी येऊन टीव्हीसमोर बसतात आणि लेकीला हसवायचा प्रयत्न करतात, हे बाबांनी शांतपणे पाहिलं. एवढंच म्हणाले, "माणूस चांगला दिसतोय."

बेन्सन आणि हॉकनबेरी अमेरिकेतल्या पिट्सबर्गकडचे, त्यामुळे पॉसम स्प्रिंग्ज हवेतून आलेलं नाही. त्याच शहराजवळ होमस्टेड नावाचं पोलादाचं गाव आहे. 6 जुलै 1892 रोजी तिथल्या संपकऱ्यांची आणि कंपनीने बोलावलेल्या पिंकर्टनच्या भाडोत्री रक्षकांची नदीकाठी लढाई झाली, दोन्हीकडची माणसं मेली. तो कारखाना 1986 मध्ये बंद झाला. आता तिथे खरेदी संकुल आहे. जुनी 12 धुराडी तेवढी उभी ठेवलीत. गेममध्येही असा संघर्षाचा इतिहास गावाच्या पोटात दडलेला आहे. भिंतीवर खाणकामगारांचं चित्र आहे. मेच्या घरात तर एक जुना दात जपून ठेवलेला सापडतो, कामगारांनी पाडलेला खाणमालकाचा दात. बाबांना मी होमस्टेडचे फोटो दाखवले. म्हणाले, "धुराडी पाडली नाहीत हे बरं केलं." आमचं अजून उभं आहे. त्यावर पिंपळ उगवलाय.

आता पुढे गेमचा शेवट येतोय. ज्यांना खेळायचा आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडून द्या.

गावातला केसी नावाचा मुलगा बेपत्ता असतो. मित्रांना वाटतं, मालगाडीत बसून कुठेतरी निघून गेला असेल. शेवटी कळतं की गावातल्याच काही बाप्यांनी त्याला खाणीच्या तळातल्या खड्ड्यात ढकललं. त्या खड्ड्यात काहीतरी आहे आणि त्याला माणूस दिला की गावाला पुन्हा बरे दिवस येतील, अशी त्यांची श्रद्धा. निवडायचं कुणाला? ज्याच्या जाण्याने कुणाचं काही अडणार नाही, असं त्यांना वाटतं त्याला. पुष्कळांना हा शेवट पटत नाही. इतका साधा चाललेला गेम अचानक भुताटकीत का शिरला, असं विचारतात. मला मात्र तो सगळ्यात खरा भाग वाटला. ती माणसं राक्षसासारखी बोलत नाहीत. पारावर बसलेल्या माणसांसारखी बोलतात. पूर्वी कसं होतं, कुणामुळे बिघडलं, ही हल्लीची पोरं कशी काही कामाची नाहीत.

आमच्याकडे दर वर्षी दसऱ्याच्या आधी बातमी येते. यंदा कारखाना भाड्याने चालवायला देणार. यंदा बॉयलर पेटणार. यंदा भोंगा वाजणार म्हणतात. बाबांचे थकलेले पगार त्या बातमीला टांगलेले आहेत. त्या आशेवर शेजारच्या काकांनी मुलाला आठ वर्षं गावात धरून ठेवलं, 'कारखान्यात चिकटवतो' म्हणून. मुलगा बत्तीस वर्षांचा झाला. त्याला कुणी खड्ड्यात ढकललं नाही, पण खाणीतला तो प्रसंग खेळताना मला त्याचाच चेहरा दिसत होता. काका वाईट नाहीत. हंगामात ते आम्हा पोरांना गव्हाणीजवळ नेऊन गरम रस पाजायचे.

गेममध्ये एक गोष्ट फार निष्ठुर केली आहे. संध्याकाळी ग्रेगबरोबर जायचं की बीबरोबर, हे ठरवावं लागतं. एका खेळात दोघांचंही सगळं बघायला मिळत नाही. पहिल्या वेळी मी बहुतेकदा ग्रेग निवडला. तो हात हवेत फेकत बोलतो, त्याच्याबरोबर मोडतोड करायला मजा येते. बी कंटाळलेली, तोंडात सिगारेट, बापाचं हार्डवेअरचं दुकान सांभाळणारी. मला वाटलं, हिच्याकडे नंतर जाऊ.

या मे महिन्यात दुसऱ्यांदा खेळले आणि दर वेळी बीकडे गेले. शाळा संपतानाच तिची आई कॅन्सरने गेली, वडील खचले, दुकान तिच्या गळ्यात आलं. वर्गात हुशार होती, पण कॉलेज राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या गावच्या पार्टीत ती आपण कॉलेजात शिकतोय असं भासवत असते आणि मे नकळत सगळ्यांसमोर ते फोडते. मी इथेच राहून मोठी झाले, तू बाहेर जाऊन होतीस तशीच राहिलीस, अशा अर्थाचं बी एकदा मे हिला सुनावते. मी ते उभ्याने वाचलं.

बारावीला माझ्यापेक्षा एकवीस गुण जास्त असलेली माझी मैत्रीण गावात बी-बियाणांचं दुकान चालवते. तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा आम्ही अठरा वर्षांच्या होतो. मी कॉलेज सोडून परत आले त्या वर्षी ती मला दोनदा भेटायला आली. दोन्ही वेळा मी आतून आईला सांगितलं, झोपलीय म्हण. पुढे मी पुण्यात बीएस्सी केलं, नोकरी धरली, आणि गावी गेले की दुकानासमोरून रिक्षा जरा जोरात न्यायला सांगायचे.

गेल्या रविवारी तिला फोन केला. मागे कुणीतरी सोयाबीनच्या बॅगेचा भाव विचारत होतं. तिने त्याला भाव सांगितला, पैसे घेतले, सुट्टे परत केले. फोन तसाच चालू होता.

मग म्हणाली, "बोल."

मी म्हटलं, शनिवारी येतीय.

"दुकान साडेसातला बंद करते," ती म्हणाली. "त्याच्या आधी आलीस तर आत बसावं लागेल. पेरणीचे दिवस आहेत, गर्दी असते."