चार जीबीच्या नादी लागून

दिवाळी झाली की मी स्टुडिओतला पीसी अंगणात काढतो आणि ब्लोअर मारतो. तुळशीची लग्नं लागली की लग्नाच्या व्हिडिओच्या ऑर्डरी सुरू होतात, मग मे संपेस्तोवर त्याचं झाकण उघडायला सवड मिळत नाही. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडचं, आणि स्टुडिओच्या रस्त्यालाच जिनिंग. ग्राफिक्स कार्डाच्या हीटसिंकवर, म्हणजे ते थंड ठेवणाऱ्या पत्र्यांवर, कापसाचा असा थर बसतो की काढून वात वळावी.

या वेळी पुतण्या मदतीला होता. पीसीतून काढलेलं कार्ड, जीटीएक्स ७५० टीआय, बाजेवर ठेवलं होतं. स्क्रू ड्रायव्हर शोधताना त्याला ड्रॉवरमध्ये माझं आधीचं कार्ड, जीटी ७३०, सापडलं.

"काका, हे चार जीबीचं खाली पडून हाय अन् तुमी दोन जीबीवर काम करता? काहून?"

पोराचं काय चुकलं? २०१५ साली मीही हाच हिशोब केला होता. अमरावतीला दुकानात दोन डबे समोर होते. ७५० टीआय दोन जीबी, किंमत जवळजवळ दुप्पट. ७३० चार जीबी, स्वस्त. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "भाऊ, एडिटिंगले मेमरी लागते." मी खूश होऊन चार जीबी उचललं. डब्याच्या बाजूला बारीक अक्षरात सगळं छापलेलं होतं, पण एसटीची वेळ झाली होती.

जीटी ७३० नावाचं कार्ड एक नाही, हे मला घरी आल्यावर कळलं. जून २०१४ मध्ये ते तीन प्रकारांत आलं. दोन प्रकारांत केप्लर पिढीची चिप, ३८४ कोअर, म्हणजे काम करणारे हात. त्यातल्या एकात वेगवान जीडीडीआर५ मेमरी, दुसऱ्यात संथ डीडीआर३, दोन्हींचा बस, म्हणजे मेमरीकडे जायची वाट, ६४ बिटचा. तिसऱ्यात त्याआधीच्या पिढीची फर्मी चिप, कोअर फक्त ९६, मेमरी डीडीआर३, बस मात्र १२८ बिट. ही फर्मी चिप म्हणजे २०१० च्या जीटी ४३० मधलीच. तेच ९६ कोअर, वेग तोच ७०० मेगाहर्ट्‌झ, तेच ४९ वॅट.

बैलबाजारात शिंगं रंगवलेला बैल दिसला की आमचे आबा आधी त्याचा जबडा उघडायचे. कार्डाचे दात पाहायला जीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. मी ते पैसे देऊन झाल्यावर चालवलं. माझं कार्ड जुळलेलं, म्हणजे सगळे दात आलेलं जुनं निघालं: तिसरं, फर्मीवालं.

७५० टीआय त्याच सालचं, फेब्रुवारी २०१४ चं, पण आत केप्लरच्याही पुढच्या पिढीची नवीकोरी मॅक्सवेल चिप. कोअर ६४०, क्लॉक म्हणजे वेग १०२० मेगाहर्ट्‌झ, जोर लावला की १०८५. बस १२८ बिटचाच, पण मेमरी जीडीडीआर५. पुतण्याला मी जिनिंगचं उदाहरण दिलं. गोदाम किती मोठं ते जीबी सांगतात. दार किती रुंद ते बस सांगतो. आणि हमाल किती चपळ ते मेमरीच्या वेगावर. दोन्ही कार्डांचं दार सारखंच, पण ७३० मध्ये सेकंदाला २८.८ जीबी माल हलतो आणि ७५० टीआयमध्ये ८६.४ जीबी. बरोबर तिप्पट. गोदाम दुप्पट मोठं असून करायचं काय, आत माल लावणारेच ९६!

(६४ बिटचं डीडीआर३ केप्लर तर १४.४ जीबीवरच थांबतं. त्याचे कोअर चौपट, पण दार अर्धं. तिघांत घेण्यासारखं म्हणावं तर जीडीडीआर५ वालं, सेकंदाला ४० जीबी हलवणारं.)

७३० अगदीच टाकाऊ होतं असं मी म्हणणार नाही. दोन मॉनिटर चालायचे, अल्बमची पानं लावता यायची, एचडी व्हिडिओ न अडखळता दिसायचा. घाम फुटायचा तो रेंडरला, म्हणजे शेवटची फाइल बनवताना. कॅमेऱ्यांची एचडी फुटेज, वर कलर, वर नवरदेवाच्या एन्ट्रीचा स्लो मोशन. आमचे लोक लग्नाच्या व्हिडिओला अजून कॅसेटच म्हणतात, आणि वऱ्हाड परतलं की चौथ्या दिवशी विचारतात, "झाली का कॅसेट?" एका तासाच्या व्हिडिओला माझ्या तिसऱ्या पिढीच्या आय५ सीपीयूला दोन तासांच्या वर लागायचे, कारण फर्मीत एनव्हीईएनसी हा व्हिडिओ आवळून फाइल बनवणारा एन्कोडरच नाही. तो केप्लरपासून आला. सगळं ओझं सीपीयूवर. त्यात पाऊण काम झाल्यावर लाइन गेली आणि इन्व्हर्टरनं मान टाकली की पुन्हा पहिल्यापासून. एका सीझनमध्ये मी रात्री दोनचा गजर लावून उठायचो, कारण त्या वेळी लाइन टिकायची.

२०१९ ला अमरावतीतलं एक गेमिंग कॅफे बंद होत होतं, तिथून ७५० टीआय चार हजारांत आणलं. भीती एकच होती, माझ्या जुन्या एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याला, कार्डासाठीची सहा पिनची वायर नव्हती. पण हे कार्ड ६० वॅटचं, आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच ७५ वॅट मिळतात. काही कंपन्यांच्या मॉडेलला वेगळी वायर लागते, माझ्या कार्डाला नाही. आधीच्यापेक्षा ११ वॅट जास्त, पण तोच तासाचा व्हिडिओ आता अर्ध्या तासाच्या आत निघतो. इन्व्हर्टर तेवढं सहज ओढतो.

ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचीही गोष्ट तशीच. फर्मीचे नवे ड्रायव्हर २०१८ ला थांबले, म्हणजे माझा चार जीबीचा डबा घेऊन तीन वर्षं झाली तोच. व्हल्कन हे ग्राफिक्सचं नवं तंत्र त्यावर कधी आलंच नाही. मॅक्सवेलला कितीतरी जास्त वर्षं ड्रायव्हर मिळाले.

७५० टीआयचं कौतुक करताना एक रडगाणं गायलंच पाहिजे. हल्ली पाहुण्यांच्या मोबाइलवरून एच.२६५ या नव्या पद्धतीनं आवळलेले व्हिडिओ येतात. हळदीच्या नाचाचे तर सगळे तसलेच. या कार्डाला एच.२६५ मध्ये एन्कोड करता येत नाही, आणि ते व्हिडिओ वाचायची पूर्ण सोयही चिपमध्ये नाही. ती २०१५ च्या जीटीएक्स ९६० पासून आली. म्हणून मी आधी सगळ्या क्लिपा जुन्या एच.२६४ मध्ये बदलून घेतो आणि मग कामाला बसतो. वैताग आहे, पण मेमध्ये पारा पंचेचाळिसाच्या वर असताना पत्र्याच्या खोलीत न कुरकुरता चालणारं कार्ड मी एवढ्यावरून बदलणार नाही.

पुतण्यानं सगळं ऐकून घेतलं. ७३० पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग बाजेवरचं ७५० टीआय उचलून फुंकर मारली, उलटसुलट पाहिलं.

"मंग काका, हे दोन जीबीवालं देता का मले?"

"पहिले लगनं निपटू दे."

"कोन्त्या सालची?"

मी स्क्रू ड्रायव्हर मागितला.